डावा गाल

सोफ्याचं काम करणाऱ्याला दोन हात पुरत नाहीत. एका हाताने कापड ताणून धरायचं, दुसऱ्या हातात हातोडी, आणि खिळा हातात द्यायला तिसरं कोणी नाही. म्हणून या धंद्यातले जुने कारागीर खिळे तोंडात ठेवतात. चपट्या डोक्याचे काळे, बारीक खिळे मूठभर गालात टाकायचे. जिभेने एकेक वळवून डोक्याच्या बाजूने ओठांत आणायचा. हातोडीच्या तोंडाला चुंबक असतं, ते ओठांपाशी नेलं की खिळा चिकटतो. तो तसाच लाकडावर टेकवायचा आणि पुढच्या ठोक्यात बसवायचा. लांबून बघणाऱ्याला वाटतं, माणूस हातोडीचा मुका घेतोय.

मौनी हे काम इतक्या सफाईने करायचा की गिऱ्हाइकं बघत उभी राहत. मौनी हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. दिवसभर तोंडात खिळे, कोणी काही विचारलं तर मानेनेच हो नाहीतर नाही, त्यामुळे धंद्यातल्या लोकांनी हे नाव ठेवलं होतं. खिळे संपले की मात्र त्याच्या जिभेला लगाम नसे. दुरुस्तीला आलेल्या सोफ्याचा कुठला कोपरा दबलाय यावरून त्या घरात कोण बसून खातं आणि कोण उभ्याउभ्या राबतं, हे तो सांगायचा. मालक गेल्यावर सांगायचा, एवढं भान त्याला होतं.

फर्निचरच्या दुकानामागे पत्र्याची एक लांब शेड होती, तिथे तिघं काम करत. मधल्या मोठ्या टेबलावर मौनी. खिडकीशी जाड कापडाच्या मशीनवर त्याची बायको, ती कव्हरं शिवायची. दाराशी बायकोचा धाकटा भाऊ. जुने सोफे उसवणं, गोणपाट काढणं, स्प्रिंगा बांधणं ही त्याची कामं. मेव्हण्याला धंद्यात मौनीनेच आणलं होतं. दाजींनी शिकवलं म्हणून तो त्यांना मान द्यायचा आणि दाजी आहेत म्हणून त्यांची खेचायचाही. ताई मशीन थांबवून दोघांनाही गप्प करायची.

चहाच्या वेळी मौनी उरलेले खिळे डबीत थुंकायचा आणि खिशातून पुडी काढायचा. कातरलेली सुपारी, चुना, तंबाखूची चिमूट. तीही डाव्याच गालात. मेव्हणाही त्याच पुडीतली घ्यायचा. "डाव्या गालात दोन भाडेकरू आहेत," मौनी म्हणायचा. "एक कामाचा, एक आरामाचा."

आधी तिखट झोंबायला लागलं. मग नुसतं गरमही. नंतर बायकोच्या लक्षात आलं की तो घास लहान घेतोय आणि जांभई आली की अर्ध्यावर थांबतोय, कोणीतरी हनुवटी धरून ठेवल्यासारखा. त्याने तसंच निभावून नेलं. पण एका सकाळी खिळ्यांची मूठ तोंडाशी नेली आणि बोटं दातांवर आपटली. पूर्वी तीन बोटं उभी सहज आत जायची, आता दोन जाताना मारामार. बायकोने मोबाइलच्या उजेडात पाहिलं. गाल आतून फिकट, चामड्यासारखा कडक झाला होता आणि त्यावर एक पांढरा, खरखरीत चट्टा होता, पुसला तरी न जाणारा.

मौनीने लगेच निदान केलं. घट्टा पडलाय. हातोडी धरून तळव्याला पडतो, सुई ढकलून अंगठ्याला पडतो, तसा लोखंड घासून गालाला पडलाय. इतकी वर्षं खिळे फिरताहेत, कातडं निबर होणारच. हे ऐकून मेव्हण्याने मान डोलावली, बायकोलाही ते पटलं. पटण्यासारखंच होतं. चट्टा बरोबर खिळे ठेवायच्या जागी होता, आणि त्यांच्या ओळखीतल्या प्रत्येक जुन्या कारागिराचं तोंड कधी ना कधी सोललेलं होतं. त्याच जागी सुपारीही ठेवली जाते, हा विचार कोणाच्या डोक्यात आला नाही. सुपारी चघळून मऊ होते, खिळा टोचतो.

म्हणून मौनीने खिळे सोडले.

हे त्याने मनापासून केलं. ज्या कामाचा त्याला अभिमान होता ते सोडून त्याने पिना मारायची हवेची बंदूक घेतली. तिचा आवाज त्याला सोसत नसे. पहिले काही दिवस तो प्रत्येक पिनेला डोळे मिटायचा. कोपऱ्यावर कापडाची घडी खिळ्याने अर्धवट अडकवून पुन्हा सैल करता येते, पिनेला तशी सवड नसते. बसली की बसली. त्याचे कोपरे पूर्वीसारखे येईनात. कोणा गिऱ्हाइकाला ते दिसलं नाही, त्याला दिसायचं. तोंड रिकामं राहायला लागलं तशी पुडी दिवसभर गालात राहायला लागली. एक भाडेकरू निघून गेला तर दुसऱ्याने सगळी खोली बळकावली, असं मेव्हणा म्हणाला. तिघंही हसले.

खिळे सुटले तरी तोंड उघडेना. तेव्हा बायकोने त्याला दातांच्या कॉलेजच्या दवाखान्यात नेलं.

तिथे पदव्युत्तर शिक्षण घेणारी एक तरुण डॉक्टर होती. तिच्या प्रबंधाला असेच रुग्ण हवे होते. प्रबंधाच्या शीर्षकात 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' वगैरे शब्द होते, ते ती रुग्णांपुढे उच्चारत नसे. तिचं सगळं काम लाळेवर चालायचं, म्हणून बाहेरच्या बाकावर तिचं नाव 'थुंकीवाली' असं पडलं होतं. तिला ते माहीत होतं.

तिने मौनीच्या तोंडात दोन बोटं घालून गाल चाचपला आणि नवरा-बायकोला समोर बसवून नीट सांगितलं. गाल कडक झालाय तो सुपारीने. आतल्या अस्तराखाली दोऱ्यांसारखे तंतू जमलेत, ते तोंड उघडू देत नाहीत. खिळ्यांचा त्यात हात असला तर नावापुरता. त्या कडक गालावरचा पांढरा चट्टा ही वेगळी गोष्ट आहे. तो आज कॅन्सर असेलच असं नाही, पण अशा चट्ट्यांतले काही पुढे त्या वाटेने जातात. कुठला जाईल ते वरून कळत नाही. म्हणून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा.

मग तिने स्वतःच्या अभ्यासाचं सांगितलं. लोखंडाला गंज चढतो, चिरलेलं फळ काळं पडतं, तसं काहीसं शरीराच्या पेशींतही चालू असतं. शरीर ते आवरत असतं. सुपारी-तंबाखूने ते हाताबाहेर जातं, पेशींच्या आवरणातली चरबी खराब होते आणि त्यातून निघालेला एक पदार्थ लाळेत उतरतो. तो ती मोजणार होती. मग तीन महिने टोमॅटोच्या लाल रंगापासून केलेल्या गोळ्या द्यायच्या, सुपारी पूर्ण बंद, आणि पुन्हा मोजायचं. तुकडा काढायचा तो याच्याशिवाय, वेगळा, आणि आधी.

लाळ द्यायला उपाशीपोटी जावं लागे. खुर्चीत मान खाली घालून बसायचं, नळी खालच्या ओठाला लावायची आणि तोंडात जमेल ते आपोआप गळू द्यायचं. बाकीचे रुग्ण नळी देऊन निघून जात. मौनीने विचारलं, याचं पुढे काय करता. असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. ती खूश झाली आणि त्याला प्रयोगशाळेत घेऊन गेली.

लाळेत एक रसायन घालून नळ्या गरम पाण्यात ठेवायच्या. तो पदार्थ असेल तर गुलाबी रंग येतो. जितका जास्त, तितका गडद. नेमका आकडा यंत्र देतं, पण फरक डोळ्यांनाही दिसतो. स्टँडवर मौनीच्या नळीशेजारी एका निरोगी माणसाची नळी होती. मौनीचा जन्म रंग जुळवण्यात गेला होता. जुन्या सोफ्याला नवं ठिगळ लावायचं तर कापड कधीही दिव्याखाली बघायचं नाही, दारात न्यायचं, हा त्याचा नेम. त्याने परवानगी मागून स्टँड उचलला आणि खिडकीशी नेला.

"माझा तर पार डाळिंबी झालाय," तो म्हणाला. "आणि ह्याचा बघा, धुऊन धुऊन उडालेला."

डॉक्टर हसली. त्या दिवशी सगळेच बऱ्या मूडमध्ये होते.

गोळ्या त्याने एकही न चुकवता घेतल्या. सुपारी बंद नाही, पण पुष्कळ कमी केली. तोंडाची आग कमी झाली, तिखट थोडं थोडं चालायला लागलं. तुकडा काढायला मात्र तो गेला नाही. पहिली तारीख एका सभागृहाच्या खुर्च्यांच्या कामात गेली. दुसऱ्या तारखेला काम नव्हतं, तेव्हा त्याला खरं कारण सांगावं लागलं. विरलेल्या कापडाला कातर लावायची नसते, असं त्याचं म्हणणं होतं. धागा एकदा मोकळा झाला की कुठे थांबेल याचा भरवसा नाही. जिथे विरलंय तिथे वरून पट्टी लावून झाकायचं, आत हात घालायचा नाही. हे त्याने शेकडो सोफ्यांवर पाहिलं होतं.

"तुमचा गाल म्हणजे काय सोफा आहे का?" बायकोने विचारलं.

"सोफ्यापेक्षा जुना आहे," तो म्हणाला.

तीन महिन्यांनी पुन्हा लाळ दिली. या वेळी तो न बोलावता प्रयोगशाळेत गेला, आणि बायकोही पाठोपाठ गेली. त्याची नळी बाहेर आली तशी त्याने ती खिडकीशी नेली, आधी सरळ धरली, मग तिरकी. डाळिंबी गेला होता. उरला होता तो फिकट गुलाबी, त्या निरोगी माणसाच्या जवळपासचा. यंत्राचा आकडाही तेच सांगत होता. डॉक्टरच्या अभ्यासात बहुतेक रुग्णांचे आकडे असेच खाली येत होते आणि ती त्या आनंदात होती.

"छान," ती म्हणाली. "खूपच कमी झालंय."

त्यानंतर ती आणखी बरंच बोलली. हा आकडा सगळ्या तोंडाचा आहे, एका चट्ट्याचा नाही. गोळ्यांनी आणि सुपारी कमी केल्याने गंज कमी झाला, ही चांगलीच गोष्ट. पण चट्ट्याच्या आत आधीच काय बिघडलंय ते या रंगावरून कळत नाही. असे आकडे सध्या माणसांच्या गटांची तुलना करायला उपयोगी आहेत, एका माणसाचं भविष्य सांगायला नाहीत. तुकडा काढायलाच हवा, याच आठवड्यात. हे तिने स्पष्ट सांगितलं. मौनीची बायको पुढे कोणीही विचारलं तरी हेच म्हणायची, "सांगितलं होतं तिने. खोटं कशाला बोलू?"

मौनीने पहिलं वाक्य ऐकलं आणि रंग पाहिला. रंगाच्या बाबतीत त्याचे डोळे त्याला कधी दगा देत नसत.

शेडमध्ये येऊन त्याने मेव्हण्याला बातमी दिली, बंदुकीची हवेची नळी गुंडाळून खुंटीला लावली आणि खिळ्यांची डबी काढली. तोंड अजून पुरतं उघडत नव्हतं, त्यामुळे मूठ टाकता येईना. चार-चार खिळे दातांच्या फटीतून सरकवायला लागला. पण हातोडीचा तो ठेका शेडमध्ये परत आला. त्या आठवड्यात त्याने एका मोठ्या आरामखुर्चीचे कोपरे असे केले की मेव्हण्याने न सांगता फोटो काढून ठेवला. बायकोही खूश होती. ठोके ऐकत तिचं मशीन चालायचं, आणि दवाखान्याचा विषय काढून हे मोडावं असं तिलाही वाटेना. ते दिवस तिने जाऊ दिले. असे दिवस पुढे बरेच झाले.

दवाखान्यातून फोन येत राहिले. डॉक्टरने स्वतः दोनदा केला. कामाची गडबड आहे, असं मौनी सांगायचा आणि तिच्या अभ्यासाची चौकशी करायचा.

थंडी पडली तेव्हा एके दिवशी त्याच्या ओठांतून निघालेला खिळा चुंबकावर लाल दिसला. खिळा लागला, तो म्हणाला. खिळ्याची जखम आठवड्यात भरते, हे तिघांनाही ठाऊक होतं. ही भरली नाही. चट्ट्याच्या मधोमध लालसर खड्डा पडला आणि जबड्याखाली एक गाठ हाताला लागायला लागली. बायकोने आधी समजावलं, मग भांडली, मग एका सकाळी मशीनपाशी बसली आणि मशीन चालूच केलं नाही. तीन सोफ्यांची कव्हरं कापून पडली होती, दुकानाचा मालक दोनदा येऊन गेला. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मौनीला तिचं ओरडणं सोसायचं. हे सोसलं नाही.

"चल," तो दुपारी म्हणाला. "कापू दे काय कापायचं ते."

तुकडा काढला. अहवालात जे आलं त्यासाठी तोवर सूक्ष्मदर्शकाची फारशी गरज उरली नव्हती. त्याला मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे डावा गाल, खालच्या जबड्याचा काही भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या आणि मांडीचं मांस आणून गालाची जागा भरली. शुद्धीवर आल्यावर बोलता येत नव्हतं. मेव्हण्याने पाटी-पेन्सिल आणून दिली. मौनीने आरसा मागितला. बराच वेळ त्यात पाहिलं, आणि पाटीवर लिहिलं: ठिगळ मॅच नाही.

मेव्हणा बाहेर जाऊन रडला. ताईने पाटी पुसून पुन्हा त्याच्या हातात दिली.

किरणोपचार झाले. तो शेडमध्ये यायला लागला, टेबलाशी खुर्ची टाकून बसायचा. मेव्हणा बंदुकीने काम करायचा आणि हा बोटाने दाखवायचा, इथे सैल आहे, इथे घडी चुकली. बोललेलं फक्त बायकोला कळायचं, तीच मशीनवरून मोठ्याने पुढे सांगायची. पाऊस संपता संपता मानेत पुन्हा गाठ आली. या वेळी डॉक्टरांनी कापायचं नाव काढलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी तो गेला, घरीच. बायको चमच्याने पाणी देत होती. पाणी ओठाच्या कडेने परत आलं, तेव्हा तिला कळलं.

तरुण डॉक्टरचा प्रबंध त्याआधीच पूर्ण झाला होता. मौनीचं निदान झालं तेव्हा त्याचा आकडा अभ्यासातून काढून टाकावा का, असं तिने आपल्या प्राध्यापकांना विचारलं होतं. त्यांनी नाही म्हणून सांगितलं. ज्या दिवशी लाळ घेतली त्या दिवशी तो आकडा खरा होता. पुढे काय झालं म्हणून तो काढला तर उरलेले आकडे खोटे ठरतील. ते बरोबरच होतं. त्यामुळे गोळ्यांनी ज्यांची स्थिती सुधारली त्या रुग्णांच्या सरासरीत मौनी आहे. डॉक्टर त्याच कॉलेजात नोकरीला लागली. रुग्णांना ती आता प्रयोगशाळेत नेत नाही.

मौनीनंतर शेडमध्ये दोघंच राहिले. पुडी मेव्हण्याने दाजींच्या आजारपणातच सोडली होती, असं तो ताईला सांगायचा. ती मशीन चालवता चालवता त्याच्याकडे बघत असायची. एकदा तो कशावरून तरी खो खो हसला, आणि तिला दिसलं की हसताना त्याचं तोंड पूर्ण उघडत नाही. तिने काम थांबवलं, त्याला उजेडात आणलं आणि तोंड उघड म्हणून सांगितलं. त्याने का कू केलं. मग उघडलं. डाव्या गालात पांढरी रेघ होती.

दवाखान्यात तो डॉक्टरशी फार अदबीने बोलला. दाजींची आठवण काढली. मग खुर्चीत पुढे सरकून त्याने तोडगा मांडला.

"मॅडम, आधी लाळ तपासा. रंग बघू. गडद आला तर कापा, माझी ना नाही."

डॉक्टरने हातमोजे चढवणं थांबवलं.

"रंग कसाही आला तरी कापायचंच आहे," ती म्हणाली. "मग रंग कशाला बघायचा?"

त्याने ताईकडे पाहिलं. ती काहीतरी बोलेल, रडेल, दाजींचं नाव घेईल, याची त्याने वाट पाहिली असावी. उत्तरं त्याच्याकडे तयार होती. ताईने उठून त्याच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली, त्याचा मोबाइल मागून त्या पिशवीत टाकला आणि बाहेर जाऊन बाकावर बसली. मेव्हणा डॉक्टरच्या मागोमाग आतल्या खोलीत गेला.

बाकावर गर्दी होती. एक म्हातारा दातांची कवळी रुमालात धरून बसला होता. समोरच्या खिडकीशी दोन नर्स सुट्टीवरून वाद घालत होत्या. त्यांचा वाद अजून चाललेला होता तेवढ्यात दार उघडलं आणि तिचा भाऊ बाहेर आला. गालात कापसाचा बोळा, ओठ बधिर, हनुवटीवर थोडं रक्त.

"काय झालं?" ती उठली. "नाही काढला?"

त्याने मान डोलावली. काढला. बोटाने शिवण घातल्याची खूण केली, दोन टाके.

"झालंसुद्धा?"

त्याने पुन्हा मान डोलावली.

ती दाराकडे पाहत राहिली. आत पुढच्या रुग्णासाठी खुर्ची पुसली जात होती. पिशवी तिच्या हातात तशीच होती. ती खाली ठेवायलाही वेळ मिळाला नव्हता.

"एवढंच होतं?" ती म्हणाली.

भावाला बोलता येईना. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "एवढंच?" ती पुन्हा म्हणाली, आणि मघाच्याच जागी खाली बसली. म्हाताऱ्याने सरकून जागा करून दिली. भावाने घरी जाऊया असं खुणेने सांगितलं, मग दंडाला धरून उठवायचा प्रयत्न केला. ती उठली नाही. तेव्हा तोही तिच्या शेजारी बसला.